तीस सेकंदांचा हिशेब

अ‍ॅब्लेशन, म्हणजे शिरेतून हृदयापर्यंत बारीक नळी नेऊन ठोका बिघडवणाऱ्या जागेला डाग देणं, करायचं घाटतंय असं नुसतं कुणाच्या कानावर घातलं, की लगेच नावं यायला लागतात. "अमक्याच डॉक्टरांकडे जा. माझ्या मेव्हण्याचं त्यांनीच केलं, दुसऱ्या दिवशी घरी आला, आता डोंगर चढतो." सांगणाऱ्याची कळकळ खरी असते, मेव्हणा खरा असतो आणि डोंगरही. फक्त त्या मेव्हण्याच्या हृदयाला नेमकं काय झालं होतं, हे सांगणाऱ्याला ठाऊक नसतं. "ठोक्यांचंच काहीतरी होतं" याच्या पलीकडे माहिती जात नाही. आणि सगळी गोम तिथेच आहे.

अ‍ॅब्लेशन या एका नावाखाली फार वेगवेगळी कामं चालतात. काही जणांच्या हृदयात जन्मतःच विजेची एक जादा वाट असते. ठोका त्या वाटेने गोल गोल फिरू लागतो, बसल्या जागी दीडशे-दोनशेच्या घरात जातो आणि आला तसा एकदम थांबतो. ती वाट शोधून तिथे एवढासा डाग दिला, की शंभरातल्या नव्वद-पंच्याण्णव जणांची कटकट बहुधा कायमची मिटते. उजव्या कप्प्यातल्या नेहमीच्या फ्लटरचं, म्हणजे विजेची लाट एकाच ठरलेल्या चक्रात फिरत राहते त्या प्रकाराचंही साधारण तसंच, फिरणाऱ्या लाटेच्या रस्त्यात एक रेघ ओढायची. मला होतं ते एट्रियल फिब्रिलेशन. त्यात हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावायचं सोडून नुसते थरथरतात आणि खालचे कप्पे त्या गोंधळातून जो इशारा मिळेल तो घेऊन वेडेवाकडे धावतात. इथे तोडून मोकळं व्हावं अशी एकच एक वाट नसते. मेव्हण्याला बहुतेक पहिल्या जातीचं काहीतरी असणार. त्याच्या डॉक्टरांचा हात चांगला असेलही, पण त्याच्या डोंगरावरून माझा अंदाज बांधता येणार नव्हता.

माझ्या नेहमीच्या हृदयरोगतज्ज्ञांनीच मला दुसरीकडे धाडलं. स्टेंट बसवण्यात त्यांची हयात गेलेली. "माझं काम नळाचं, तुम्हाला वायरिंगवाला पाहिजे," असं म्हणून ते स्वतःच हसले. ही त्यांच्या धंद्यातली जुनी थट्टा आहे म्हणे. वायरिंगवाले म्हणजे इलेक्ट्रोफिजिऑलॉजिस्ट, बोलताना सगळे नुसतं 'ईपी' म्हणतात. हृदयरोगाचं शिक्षण पुरं झाल्यावर ठोक्यांच्या विजेचं आणखी वेगळं शिक्षण घेतलेली ही माणसं. हृदयाचा डॉक्टर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अँजिओप्लास्टी करणारा उभा राहतो, त्यामुळे ही जमात कुणाला फारशी माहीत नसते आणि त्यांच्याबद्दल विचारायचं कुणाला हेही कळत नाही.

विद्या तशी ताजी आहे. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोत मेल्विन शाइनमन यांनी कॅथेटरमधून, म्हणजे शिरेतून आत सरकवायच्या बारीक नळीतून, विजेचा झटका देऊन रुग्णाच्या हृदयातली वरच्या-खालच्या कप्प्यांना जोडणारी वाट बंद केली. एवढ्या लहान जागेवर एवढा मोठा झटका, हे वाचूनसुद्धा अंगावर काटा येतो. त्या दशकाच्या अखेरीला झटक्याची जागा रेडिओलहरींच्या नियंत्रित उष्णतेने घेतली. पण फिब्रिलेशनला हात कुठे घालायचा, हे कळायला 1998 उजाडावं लागलं. फ्रान्समधल्या बोर्दो शहरात मिशेल ऐसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 45 रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यांच्या हृदयांत गोंधळाच्या 69 ठिणग्या सापडल्या आणि त्यांतल्या 65 फुप्फुसांतून रक्त आणणाऱ्या शिरांच्या तोंडाशी होत्या. तेव्हापासून या शिरांच्या तोंडाभोवती डागांचं कुंपण घालायचं आणि ठिणगी बाहेर पडू द्यायची नाही, हाच या उपचाराचा गाभा झाला. आज पन्नाशीच्या पुढे असलेल्या ईपीने हे तंत्र आपल्या डोळ्यांसमोर घडताना पाहिलेलं असतं. त्यांच्यापैकी एकीशी बोलताना मला ते सारखं जाणवायचं. "आधी आम्ही अमुक करायचो, मग सोडून दिलं" हे वाक्य तिच्या तोंडी फार यायचं.

आता हाताबद्दल. जांघेतल्या शिरेतून कॅथेटर वर जातं, हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात शिरतं, तिथून मधल्या पडद्याला सुईने छिद्र पाडून डाव्या कप्प्यात उतरतं. डाव्या कप्प्याची भिंत जेमतेम काही मिलिमीटर जाड. तिला मागून अन्ननलिका टेकलेली, आणि उजवीकडच्या शिरांलगत श्वासपटलाला हलवणारी नस गेलेली. डाग उथळ राहिला तर काही महिन्यांत भिंत सावरते आणि वीज पुन्हा वाहू लागते. खोल गेला तर पलीकडच्या अवयवाला लागतो. या दोहोंमधलं अंतर हाताला कळावं लागतं, आणि ते करत राहूनच कळतं.

म्हणून "तुम्ही वर्षाला किती करता?" हा प्रश्न विचारणं भाग होतं. तो विचारताना जीभ जड होते. आपण डॉक्टरांपुढे बसलेलो, कपड्यांखाली होल्टरच्या, म्हणजे दिवसरात्र ठोके टिपणाऱ्या यंत्राच्या, चिकटपट्ट्यांनी खाजतंय, आणि अशा अवस्थेत समोरच्याची परीक्षा घ्यायची! पण या प्रश्नाला आधार आहे. अमेरिकेत 2000 ते 2010 या काळात झालेल्या सुमारे 93,800 फिब्रिलेशन अ‍ॅब्लेशनचा एक मोठा अभ्यास 2013 मध्ये आला. रुग्णालयात असतानाच शंभरातल्या सहांना काही ना काही गुंतागुंत झाली होती, आणि जे डॉक्टर वर्षाला पंचवीसपेक्षा कमी करत होते किंवा ज्या रुग्णालयांत पन्नासपेक्षा कमी होत होती, तिथे त्रास जास्त दिसला. आजचे आकडे त्याहून पुष्कळ बरे आहेत, तरी त्यातली मेख कायम आहे. मात्र पंचवीस हा तळ आहे. तळाखालच्याला गाळण्यासाठी तो उपयोगी. दोनशे करणारा शंभर करणाऱ्यापेक्षा दुप्पट चांगला, असं त्यातून मुळीच निघत नाही.

प्रश्नापेक्षा मला त्याची उत्तरं मोलाची वाटली. एका डॉक्टरांनी "हजारो" म्हटलं आणि घड्याळाकडे पाहिलं. कसली हजारो, हे विचारायची सोय ठेवली नाही. दुसऱ्या ठिकाणी, मी विचारण्याच्या आधीच, सगळी अ‍ॅब्लेशन किती, त्यांतली फिब्रिलेशनची किती, त्यातही माझ्यासारखी येणारी-जाणारी किती आणि महिनोन्‌महिने ठाण मांडलेली किती, असा फोडून हिशेब आला. या दुसऱ्या डॉक्टरबाईंनी गेल्या वर्षी एका रुग्णाच्या हृदयाभोवती रक्त साठलं होतं हेही सांगितलं. सुई घालून तिथल्या तिथे काढलं, सर्जनची टोळी त्याच इमारतीत होती, गरज पडली नाही. मी थोडी घाबरले. त्यांनी मला घाबरू दिलं, लगोलग समजूत काढली नाही, हे मला आवडलं.

यंत्रांच्या बाबतीत रुग्णमंडळी फार भाविक असतात. उष्णतेने जाळायचं, फुग्यात थंडी भरून गोठवायचं की विजेच्या अतिशय क्षणिक झटक्यांनी पेशींच्या भिंतींना भोकं पाडायची, म्हणजे पल्स्ड फील्ड, यावर प्रतीक्षागृहात तावातावाने चर्चा चालते. नवं ते चांगलंच, असं धरून चालायची आपल्याला सवय आहे. 2016 मध्ये उष्णता आणि थंडी यांची समोरासमोर तुलना झाली, दोन्ही सारखीच ठरली. 2023 मध्ये पल्स्ड फील्डला जुन्या दोन्ही तंत्रांसमोर उभं केलं गेलं, तर वर्षाअखेरीस यश एकीकडे 73 टक्क्यांच्या आसपास आणि दुसरीकडे 71 च्या. पल्स्ड फील्डला वेळ कमी लागतो, अन्ननलिका आणि ती नस यांना ते बऱ्याच अंशी वगळून जातं, ही त्याची खरी जमेची बाजू. मला ती महत्त्वाची वाटते. पण एखाद्याने वीस वर्षं उष्णतेवर हात बसवला असेल आणि गेल्याच महिन्यात नवं यंत्र आणलं असेल, तर मला त्याच्या जुन्या यंत्राखाली झोपायला आवडेल.

त्या 73 आणि 71 या आकड्यांपाशी मी बराच काळ अडकले. कारण त्याच सुमारास एका रुग्णालयाच्या पत्रकात मला 90 टक्क्यांहून जास्त यश छापलेलं दिसलं होतं. एवढी तफावत कशी? या अभ्यासांतून यशाची व्याख्या फार कडक असते. सुरुवातीचे काही आठवडे माफ. त्यानंतर वर्षभरात कधीही, झोपेत का होईना, तीस सेकंद गडबड यंत्राने टिपली, की अपयश. तीस सेकंद! माझ्या वाईट दिवसांत मी चौदा-चौदा तास धडधड घेऊन पडून असायचे. त्यातून कुणी वर्षातून एकदा तीस सेकंदांवर आणून ठेवलं असतं, तर मी त्याच्या पाया पडले असते, आणि कागदावर ते अपयश ठरलं असतं.

याची उलटी बाजू जास्त गंमतीची आहे. गडबड जितकी कमी शोधाल, तितकं यश वाढतं. तीन महिन्यांनी एकदा दवाखान्यात दहा सेकंदांचा ईसीजी काढायचा आणि "छान, लय सरळ आहे" म्हणायचं, तर जवळजवळ प्रत्येकजण बरा झालेला दिसेल. त्वचेखाली छोटा रेकॉर्डर बसवून अहोरात्र पाहिलं, तर त्याच माणसांतल्या कितीतरी जणांच्या खात्यावर चार-दोन मिनिटं निघतील. म्हणजे पत्रकावरचा 90 खोटा असायचं कारण नाही, फक्त कसं मोजलं ते खाली लिहिलेलं नसतं. तेव्हापासून मी "यश किती?" विचारायचं बंद केलं आणि "नंतर तुम्ही कसं तपासता, किती दिवस, आणि काय झालं की तुम्ही त्याला अपयश म्हणता?" असं विचारू लागले. या प्रश्नावर घड्याळाकडे पाहणारे डॉक्टर आणखी आखडले. त्या बाईंनी खुर्ची पुढे ओढली.

"तुमच्या लेखी काय झालं म्हणजे बरं झालं?" त्यांनी मलाच उलट विचारलं.

मला पटकन उत्तर देता आलं नाही. मग जमलं तसं सांगितलं. जिना चढताना मध्ये थांबायला लागू नये. रात्री डाव्या कुशीवर झोपता यावं. कुठे जायचं ठरवताना आधी जवळचं रुग्णालय शोधायला लागू नये. गेल्या वर्षी किती दिवस असे वाया गेले, हेही त्यांनी विचारलं आणि लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "ठोका कधीच चुकणार नाही, असं मी सांगू शकत नाही. हे दिवस बरेच कमी होतील, असं सांगू शकते."

या बोलण्यालाही भक्कम पाठबळ आहे, हे नंतर वाचताना दिसलं. 2019 चा कबाना नावाचा मोठा अभ्यास, 2204 रुग्णांचा. मृत्यू, पक्षाघात, मोठा रक्तस्राव, हृदय बंद पडणं यांच्या एकत्रित मोजणीत अ‍ॅब्लेशन औषधांपेक्षा ठळकपणे सरस ठरलं नाही, पण रुग्णांचं जगणं मात्र जास्त सुधारलं. त्यावर शंकेखोर म्हणायचे, एवढा मोठा उपचार झाला म्हटल्यावर माणसाला बरं वाटणारच, मनाचा खेळ. मग 2024 मध्ये ब्रिटनमध्ये काहींना खरं आणि काहींना खोटं अ‍ॅब्लेशन करून पाहिलं गेलं. कुणाला कुठलं, हे रुग्णाला माहीत नव्हतं. खऱ्याने गडबडीचा काळ खरोखरच उतरला आणि त्यांना जास्त बरं वाटलं. ज्यांच्या हृदयाचा पंपच दुबळा झालेला आहे त्यांचा हिशेब निराळा. तिथे 2018 च्या कॅसल-एएफ अभ्यासात अ‍ॅब्लेशनने मृत्यूही कमी केलेले दिसले. माझा पंप धड होता, तेव्हा मी आयुष्य वाढवायला निघाले नव्हते. आहे ते नीट जगता यावं एवढ्यासाठी मी हे करत होते, आणि हे माझ्याआधी त्या डॉक्टरांना स्पष्ट होतं.

दादाला मात्र नावाजलेले डॉक्टरच हवे होते. "जग त्यांच्याकडे जातं, तुला काय झालंय?" त्याच्या मताला मी मुळीच हसले नाही. नाव उगाच होत नाही. पण फार मोठ्या नावाच्या ठिकाणी एक प्रश्न विचारावाच लागतो, की प्रत्यक्ष कॅथेटर कुणाच्या हातात असेल. शिकणारी मुलं असणारच, असायलाच हवीत, नाहीतर पुढचे डॉक्टर यायचे कुठून? पडद्याला छिद्र कोण पाडणार आणि डाग देताना कोण उभं असणार, एवढंच कळावं. तिथल्या स्वागतकक्षातून मला "सर असतात" असं उत्तर मिळालं. असतात म्हणजे खोलीत, इमारतीत की शहरात, ते उलगडलं नाही. दादाचं मन शेवटपर्यंत वळलं नाही, पण तो बरोबर आला.

मला ज्या गोष्टीने ठाम केलं, ती अ‍ॅब्लेशनबद्दलची नव्हतीच. त्या बाईंनी पहिल्या भेटीत तारीख दिली नाही. मी घोरते का, हे विचारलं. झोपेची तपासणी करायला लावली. रक्तदाबाची वही मागितली. वजनावर बोलल्या, आणि ते अपमान न करता. 2015 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेड इथून आलेल्या एका अभ्यासाचा हवाला दिला, ज्यात दहा टक्के किंवा त्याहून जास्त वजन उतरवून टिकवलेल्यांमध्ये ही गडबड कितीतरी कमी झाली होती. झोपेत श्वास अडकत असेल आणि रक्तदाब चढा राहत असेल, तर डावा कप्पा ताणतच राहतो आणि आज घातलेल्या कुंपणाबाहेर उद्या नव्या ठिणग्या उडतात. "आधी हे करू. यानेच थांबलं, तर मला सुईसुद्धा लावावी लागणार नाही." मशिन कॅथ लॅबमध्ये, म्हणजे कॅथेटरच्या खोलीत, तयार, रुग्ण तयार, आणि डॉक्टर स्वतःचंच काम पुढे ढकलतायत! थांबलं नाही, हे खरं. काही महिन्यांनी धडधड पुन्हा जोरात सुरू झाली. पण तोवर मी हलकी झाले होते, रक्तदाब ताब्यात होता आणि माझ्या मनात दुसरं नाव उरलं नव्हतं.

इथे थोडं थांबून घाईबद्दलही बोलायला हवं, कारण ढकलत राहणं हे काही सरसकट शहाणपण नाही. फिब्रिलेशन जितकं जुनं होतं तितकं ते अंगवळणी पडतं. कप्पा मोठा होतो, भिंतीत तंतू माजतात, मग कितीही चांगला हात असला तरी फळ कमी मिळतं. 2020 च्या एका मोठ्या युरोपीय अभ्यासाने, निदानानंतर पहिल्या वर्षभरातच लय सरळ ठेवायच्या मागे लागलेलं बरं, असं दाखवलं. म्हणून सगळ्या शहरांतले सगळे ईपी पालथे घालत दोन-तीन वर्षं काढण्यात अर्थ नाही. महिनोन्‌महिने ठाण मांडलेलं फिब्रिलेशन असलेल्यांना तर हे जास्तच लागू. आणि त्यांच्या बाबतीत जो डॉक्टर शिरांच्या कुंपणाशिवाय आणखी पुष्कळ रेघा ओढायच्या गोष्टी करतो, त्याला का ते जरूर विचारावं. 2015 मध्ये हे तपासलं गेलं, तेव्हा त्या जादा रेघांनी काही वाढीव फायदा दिला नव्हता.

अ‍ॅब्लेशन झाल्यावर घरी सोडताना त्यांनी एक कागद दिला आणि त्यातली एक ओळ माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतली. पुढच्या दोन महिन्यांत ताप आला, गिळताना दुखलं, छातीत कळ आली, बोलणं अडखळलं किंवा हातपाय लुळे वाटले, तर थेट त्यांना फोन, आणि कुणीही घशातून अन्ननलिकेत दुर्बीण घालू म्हणालं तर ठाम नकार, आधी छातीचा सीटी स्कॅन. डाव्या कप्प्यातून अन्ननलिकेपर्यंत भोक पडणं ही फार दुर्मीळ गोष्ट, उष्णतेच्या अ‍ॅब्लेशनमध्ये दहा हजारांत चारेक जणांना. पण ती लगेच कळत नाही, बहुधा दोन ते चार आठवड्यांनी डोकं वर काढते. तेव्हा रुग्ण घरी असतो, साधा ताप समजून जवळच्या डॉक्टरांकडे जातो, आणि दुर्बिणीने आत हवा भरली की ती भोकातून हृदयात आणि तिथून मेंदूत जाऊ शकते. त्या कागदावर रात्रीचा नंबर होता. मी तो एकदा लावूनही पाहिला, निमित्त जांघेतल्या निळ्या डागाचं. कुणीतरी जागं होतं, माझी फाईल त्यांच्यासमोर उघडली होती. डॉक्टर निवडताना हा नंबर आधी मागून घ्यावा, असं मी आता विचारणाऱ्यांना सांगते. नाव सांगत नाही.

पहिल्या दोन महिन्यांत दोनदा-तीनदा धडधड आली आणि मी खचले. डागांची सूज उतरेपर्यंत असं होतं, ते हिशेबात धरत नाहीत, हे मला सांगितलेलं होतं, पण पहाटे ते आठवत नाही. मग आठवडाभराचं रेकॉर्डिंग झालं. त्यात एका पहाटे बावन्न सेकंद गडबड निघाली. मला पत्ताही नव्हता, मी झोपलेली. अभ्यासात असते तर मी नापासांत गेले असते. डॉक्टरांनी ती पट्टी मला दाखवली, आणि मग पहिल्या भेटीतला त्यांचा कागद काढून जिना, डावी कूस, रुग्णालय शोधणं, एकेक विचारत गेल्या.

एक गोष्ट मात्र मला हवी तशी झाली नाही. रक्त पातळ ठेवणारी गोळी सुटेल, अशी माझी आशा होती. लय सरळ झाली तरी गुठळीचा धोका वय, रक्तदाब, मधुमेह असल्या गोष्टींना गुण देऊन ठरवतात, अ‍ॅब्लेशन किती साधलं यावरून ती गोळी थांबवत नाहीत. पूर्वी या मोजणीत बाई असल्याचा एक गुण जादा मिळायचा, 2024 च्या युरोपीय मार्गदर्शिकेने तो काढून टाकला. त्यामुळे माझ्या नावावर सध्या एकच गुण आहे, रक्तदाबाचा. एका गुणावर थोडी घासाघीस करता येते, ती आम्ही पुढच्या भेटीत करणार आहोत. पासष्टी गाठली की दोन होतील आणि घासाघीस संपेल, असं त्यांनी आत्ताच सांगून ठेवलंय.